थरथर गळ्यात नाही, मेंदूत आहे

आत्या फोनवर बोलू लागली की पलीकडचं माणूस आधी विचारतं, "रडतेयस का गं?" ती रडत नसते. तिचा आवाज थरथरतो, एवढंच. हरिपाठ म्हणताना स्वर जरा लांबला की तो लाटांसारखा वरखाली होतो. शेजारणीने मीठमोहऱ्या ओवाळल्या, कुणी ज्येष्ठमध आणून दिलं. त्यात दोन वर्षं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं. ना गाठ, ना सूज. फक्त 'आऽऽ' म्हणताना अख्खं स्वरयंत्र एका लयीत हलत होतं.

या विकाराचं नाव 'इसेन्शियल ट्रेमर'. तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नव्हे. कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो, इथे कप उचलताना किंवा बोलताना. अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांची मान आणि आवाज याच विकाराने कापत असे, आणि लोक त्याला पार्किन्सन समजत.

आता मूळ मुद्दा. हालचाल नेमकी व्हावी म्हणून लहान मेंदू सतत बारीक दुरुस्त्या पाठवतो. त्या मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधल्या 'व्हीआयएम' नावाच्या छोट्या केंद्रातून मोठ्या मेंदूकडे जातात आणि फिरून परत येतात. या विकारात त्या वर्तुळातल्या पेशी एकाच ठेक्यात पडतात, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा. भजनात सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडल्या की गल्लीच्या टोकाला ऐकू येतात. ज्याने त्याने आपल्या वेळेला वाजवली तर नुसता गलबला होतो. कंप म्हणजे ती एकदम पडणारी टाळी.

१९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे शल्यविशारद आलीम-लुई बेनाबिद कंपाच्या एका शस्त्रक्रियेत गुंतले होते. तेव्हा कंप थांबवण्यासाठी हे केंद्र जाळून टाकत. जागा बरोबर आहे ना, हे बघायला आधी सौम्य विद्युतप्रवाह देत. बेनाबिद यांनी स्पंदनांचा वेग वाढवत नेला, आणि तो १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० स्पंदनांच्या, आसपास पोहोचताच कंप थांबला. प्रवाह बंद केला, कंप परत! जे कायमचं जाळायचं, ते आता बटणाने चालू-बंद करता येणार होतं. मेंदूत बारीक तार बसवून असा प्रवाह देत राहायच्या या उपचाराला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

पण वेगवान स्पंदनांनी कंप थांबतो कसा? ५ हर्ट्झच्या कंपात दोन ठोक्यांमध्ये २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. १३० हर्ट्झने स्पंदनं सोडली तर तेवढ्या वेळात २६ स्पंदनं येऊन जातात. पेशींना एकत्र ठोका धरायला उसंतच मिळत नाही, आणि बिघडलेला ठेका पुढे पोहोचत नाही. म्हणूनच वेग फार कमी ठेवला तर कंप थांबत नाही, कधी वाढतोही. अगदी बारकाव्यात काय घडतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

हाताचं गणित सोपं आहे: उजवा हात, डावा मेंदू. स्वरयंत्राला मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. त्यामुळे एका बाजूच्या तारेने हात शांत होतो, आवाज मात्र कधी सुधारतो, कधी नाही. दोन्ही बाजूंना तारा घातल्या तर शब्द जड होण्याचा आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या क्रिस्टोफर हनी यांच्या गटाने स्पास्मॉडिक डिस्फोनिया या, स्वरयंत्राचे स्नायू आखडून आवाज अडकणाऱ्या दुसऱ्या विकाराच्या सहा रुग्णांत फक्त डाव्या थॅलॅमसमध्ये तार बसवली. आवाजामुळे होणारा त्यांचा रोजचा त्रास कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. सहाच रुग्ण, हे विसरू नये. 'मेंदूत चिप, आवाज परत' असे मथळे मला म्हणूनच खटकतात. कवटीला भोक पाडायचं म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका आलाच. आधी प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, मग स्वरयंत्रात बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन; आणि तार बहुतेक वेळा हातही कामातून गेले असतील तेव्हा.

शस्त्रक्रियेत रुग्ण अनेकदा जागा असतो, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्याला 'आऽऽ' म्हणायला सांगतात. प्रवाह थोडा वाढवला की स्वरातली लाट सपाट होऊ लागते. आणखी वाढवला की जीभ जड होते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "लाट गेली आणि शब्द जड झाले, तर हरिपाठ म्हणायचा कसा रे?" तूर्त ती गोळ्या घेते आहे.