प्रभागाच्या पैशाचा हिशेब नगरसेवकांना कसा विचारायचा: अर्ज, मुदती आणि लागणारे कागद

“आमच्या फूटपाथचं काय झालं?” असं बैठकीत विचारलं की “प्रस्ताव दिलाय, होईल” एवढ्यावर विषय संपतो. तोच प्रश्न “या फूटपाथसाठी यंदाच्या अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद आहे आणि कार्यादेश निघाला का?” असा विचारला, तर समोरच्याला फाइल मागवावी लागते. (लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं सदर, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला लेखी आदेश.) ही माहिती त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नासाठी आहे. उदाहरण पुणे महापालिकेचं घेतलंय, पण प्रभाग समिती आणि माहिती अधिकाराचा भाग राज्यातल्या इतर महापालिकांमध्येही उपयोगी पडेल.

पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. आता ४१ प्रभागांत मिळून १६५ नगरसेवक आहेत. एक प्रभाग पाच सदस्यांचा, बाकी सगळे चार सदस्यांचे. त्यामुळे “हे काम माझ्याकडे नाही, दुसऱ्यांकडे आहे” हे उत्तर सहज मिळू शकतं. त्यावर उपाय सोपा आहे: पत्र एकच लिहा, चौघांच्या नावे लिहा आणि प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का असलेली ती प्रत पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागते, म्हणून फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर सांगून काम भागवू नका.

आधी एक फरक लक्षात घ्या. खड्डा बुजवा, दिवा लावा, ड्रेनेज तुंबलंय, या तक्रारी आहेत. त्यांच्यासाठी महापालिकेची तक्रार नोंदणीची वेगळी सोय आहे. त्याच खड्ड्याच्या रस्त्यावर गेल्या दोन वर्षांत किती खर्च झाला, हा अंदाजपत्रकाचा प्रश्न झाला. दोन्ही एकाच कागदावर लिहिले की तक्रार निकाली काढली जाते आणि प्रश्न तसाच राहतो.

काम सुचवायचं असेल तर

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. पुढच्या आर्थिक वर्षासाठी आपल्या भागातली छोटी कामं नागरिकांनीच सुचवायची. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवतात. क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याची सूचना लागते, तिच्यातली शेवटची तारीख पाहून ठेवा. एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत असावा लागतो. फूटपाथची दुरुस्ती, बाकं, बसथांब्याची शेड, दिशादर्शक फलक, दिवे अशी कामं त्यात बसतात. सोसायटीच्या आवारातलं काम बसत नाही, कारण हा पैसा सार्वजनिक जागेसाठी असतो. घर मालकीचं असण्याची गरज नाही. भाड्याने राहणाऱ्यांनीही न बिचकता अर्ज करावा, रस्ता तेही वापरतात.

अर्जात नाव, पत्ता, प्रभाग, कामाचं ठिकाण आणि स्वरूप लिहायचं असतं. इथे बरेच अर्ज कमजोर पडतात. “परिसरात सुशोभीकरण करावे” यावर कनिष्ठ अभियंता काय पाहणी करणार? त्याऐवजी “अमुक शाळेच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंत डाव्या बाजूचा फूटपाथ, अंदाजे ६० मीटर, फरशा उखडलेल्या” असं लिहा. जागेचे दोन फोटो आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडा. कोणी मागितला नाही तरी जोडाच, पाहणीला येणाऱ्याला नेमकी जागा सापडते.

प्रश्न विचारायची जागा

महापालिकेच्या मुख्य सभेत नागरिकाला बोलता येत नाही, प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकता येतं. तिथे आपला प्रश्न पोचवायचा तर तो लेखी स्वरूपात नगरसेवकाकडून विचारून घ्यावा लागतो. मला जास्त उपयोगाची वाटते ती प्रभाग समिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे ती स्थापन होते. त्या क्षेत्रातले नगरसेवक, प्रभाग अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य तिच्यात असतात. प्रभागांतल्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर विचार करून शिफारस करणं हे कायद्याने तिचं काम आहे. म्हणजे अंदाजपत्रक छापून आल्यावर नाराज होण्यापेक्षा दिवाळीच्या आसपास या समितीच्या अध्यक्षांना पत्र देणं शहाणपणाचं. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांची, बैठक होते तीही चुकवू नका, तिथे अधिकारी समोर बसलेले असतात.

क्षेत्रसभेची तरतूदही राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. त्या भागाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सदस्य आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. गावाला ग्रामसभा आहे तशी शहराला ही सभा. ती भरत नसेल तर भरवण्याची लेखी मागणी करा. मतदार ओळखपत्राची प्रत आणि मतदारयादीतला भाग व अनुक्रमांक सोबत जोडला की सदस्य असल्याबद्दल वाद उरत नाही.

‘स’ यादी आणि वर्गीकरण

हे दोन शब्द कळले की निम्मं अंदाजपत्रक कळतं. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांना पुण्यात ‘स’ यादीतली कामं म्हणतात. तुमच्या प्रभागाची ही यादी मिळवा आणि ओळ न ओळ वाचा. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेली तरतूद काढून दुसऱ्या कामाकडे वळवणं. काम रखडलं, निविदा निघाली नाही, जागेचा वाद झाला, तर वर्गीकरण रास्त असू शकतं. पण ड्रेनेजसाठी ठेवलेला पैसा आर्थिक वर्ष संपता संपता कमानीकडे किंवा बाकांकडे गेला असेल, तर ते रहिवाशांना कळलंच पाहिजे. म्हणून एप्रिलमध्ये यादी घ्या, डिसेंबरमध्ये कोणती कामं सुरू झाली ते तपासा, आणि जानेवारी ते मार्च या काळात “आमच्या प्रभागातल्या कोणत्या तरतुदीचं वर्गीकरण झालं, कोणाच्या प्रस्तावावरून?” हे लेखी विचारा. वर्षभरात एकच प्रश्न विचारायचा झाला तर मी हाच विचारेन.

माहिती अधिकाराचा अर्ज

पत्राला उत्तर आलं नाही, तर हा मार्ग. कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो आणि माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही. अर्ज नगरसेवकाच्या नावे करू नका. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा, कारण कागद त्यांच्या ताब्यात असतात. जोडपत्र ‘अ’ मधला नमुना वापरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या ऑनलाईन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे.

“का” आणि “कधी करणार” असे प्रश्न इथे चालत नाहीत, कागद मागायचा असतो. मजकूर असा लिहिता येईल: “प्रभाग क्रमांक … मधील … या ठिकाणच्या फूटपाथ दुरुस्तीच्या कामाबाबत आर्थिक वर्ष … मधील पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान यांच्या छायांकित प्रती मिळाव्यात.”

पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी केलेला अंदाज, आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे झालेल्या कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत. यातली मोजमाप पुस्तिका सगळ्यात महत्त्वाची. तिला सगळे एमबी म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी आणि जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि त्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं. एका बैठकीत साठीच्या पुढच्या एका काकूंनी पिशवीतून शिवणाची टेप काढली, मग वही उघडली. त्यांनी आणि नातीने मिळून फूटपाथ दीड-दीड मीटरने मोजला होता, आकडे एकाखाली एक लिहिले होते. आवाज न चढवता त्यांनी एमबीतली लांबी आणि आपली लांबी वाचून दाखवली. पुढची वीस मिनिटं त्या खोलीत फक्त त्याच फूटपाथवर चर्चा झाली.

माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. प्रतींसाठी पानामागे २ रुपये भरावे लागतात. शुल्काचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस या ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की लगेच पैसे भरा. मुदत उलटून गेली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. पानं फार असतील तर प्रती मागण्याऐवजी फाइल पाहण्याची मागणी करा: पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. सोबत कामाचं ठिकाण नीट ओळखणारा एखादा शेजारी न्या.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मूळ अर्जाची प्रत, पोच आणि मिळालेलं उत्तर सोबत जोडा. त्यावरचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तिथेही समाधान झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

कागद हातात आले की ते घेऊन पुन्हा नगरसेवकांकडेच जा, तेही एकटे नाही, गल्लीतल्या चार-पाच जणांना घेऊन. दोषदायित्व कालावधी संपायचा असेल तर उखडलेल्या फरशा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बसवून द्यायच्या असतात. त्याच कामासाठी नवीन तरतूद सुचवली जात असेल, तर करारनाम्याचं ते पान टेबलावर ठेवा.