हॅझार्डसचा शेरा: घातक माल वाहणाऱ्या चालकाच्या परवान्याची पार्श्वभूमी

पेट्रोल, एलपीजी, क्लोरिन, अमोनिया अशा मालाची गाडी चालवायची तर नुसते जड वाहनाचे लायसन्स चालत नाही, त्यावर हॅझार्डसचा शेरा, म्हणजे घातक माल वाहण्याची मुभा देणारी नोंद, लागतो, हे टँकरच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. शेरा कसा काढायचा हेही ठाऊक असते. तो मुळात कशासाठी आला, हे मात्र मागे पडत चालले आहे.

जुन्या कायद्यांची नजर मालावर होती. स्फोटकांचा कायदा 1884 चा, पेट्रोलियमचा 1934 चा. साठा किती, टाकी कशी, परवानगी कोणाची, यावर त्यांचा भर. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ घडले आणि घातक रसायनांकडे बघण्याची देशाची नजरच बदलली. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला, 1989 मध्ये घातक रसायनांच्या निर्मितीचे आणि साठवणुकीचे नियम आले. त्याच वर्षी 1 जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्याच्या केंद्रीय नियमांत घातक मालाच्या वाहतुकीला स्वतंत्र जागा मिळाली. नियम 9 चालकाच्या पात्रतेचा, नियम 129 ते 137 गाडी, माल पाठवणारा, मालक आणि चालक यांच्या जबाबदाऱ्यांचे.

मधल्या काळातला एक अपघात आपल्याकडचाच आहे. 29 ऑक्टोबर 1987 ची पहाट, साधारण तीनची वेळ. पुण्याहून बंगळूरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ समोरून येणाऱ्या ट्रकला धडकला, रस्ता सोडून वीसेक फुटांवर कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. स्फोट झाला तो सकाळी सव्वासातच्या सुमारास. टँकरभोवती जमलेली माणसे भाजली, काही दगावली. हा मृत्यू वाहनाच्या वापरातून झाला म्हणायचा की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1991 मध्ये निकाल वारसांच्या बाजूने लागला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल वाहनाच्या ‘वापरा’च्या व्याख्येसाठी वाचतात. माझ्या मते त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मधले चार तास. धडक टळली नसती कदाचित, पण लोकांना लांब ठेवायला, विडी-काडी विझवायला, वाहतूक थांबवायला चार तास हाताशी होते. त्या वेळात काय करायचे हे ज्याला शिकवले आहे असा माणूस गाडीजवळ असावा, हाच नियम 9 चा गाभा.

1993 च्या दुरुस्तीने या नियमाला आजचा आकार दिला. मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण. पहिले दोन दिवस सावध चालवण्याचे: ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, रात्रीचे चालवणे, रेल्वे फाटक, बदलते हवामान. तिसरा दिवस मालाचा: गळती कशी आवरायची, आग, प्रथमोपचार, आणि विहिरी, नद्या, माती यांचा बचाव. प्रमाणपत्र घेऊन साध्या कागदावर अर्ज करायचा, मग परवान्यावर शेरा. 1994 मध्ये कायद्यातच भर पडली: असा परवाना एकाच वर्षाचा, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाची उजळणी सक्तीची.

याच नियमात भाषेची अट आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हवे. हिच्यावर टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पण टँकरच्या मागच्या पाटीकडे बघा. पेट्रोलच्या टँकरवर 1203 हा पेट्रोलचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि 3YE अशी खूण असते. 3 म्हणजे आगीवर फेस मारा. Y म्हणजे श्वसनाचे साधन लावूनच जवळ जा, सांडलेले गटारात वाहू देऊ नका. E म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. ही अक्षरे ओळखून अग्निशामक दलाला फोनवर नीट सांगता येणे, एवढीच इंग्रजीची खरी गरज. अट मात्र पूर्ण भाषेची घातली गेली. 2019 मध्ये मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी असलेली आठवी पासची अट सरकारने काढून टाकली, तेव्हा नियम 9 मधली ही अट जागेवरच राहिली.

सर्वांत जास्त गुंता झाला तो विम्याच्या दाव्यांत. अपघात होतो, वारस भरपाई मागतात आणि विमा कंपनी चालकाचे लायसन्स तपासते. शेरा नसेल, तर चालक रीतसर परवानाधारक नव्हता, पॉलिसीची अट मोडली, पैसे मालकाकडून घ्या, असा पवित्रा असतो. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने चौकट आखून दिली: परवान्यातली उणीव अपघाताला कारण ठरण्याइतकी मूलभूत होती, हे कंपनीने सिद्ध करावे, आणि गरज पडली तर आधी वारसांना पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करावेत. तरी प्रश्न उरलाच. टँकर रिकामा होता, तर चालक ‘घातक माल वाहत’ होता का? उच्च न्यायालयांच्या निकालांत दोन्ही दिशा दिसतात. काहींनी म्हटले, माल नाही तर शेऱ्याची गरज नाही. काहींनी शेरा नसणे हाच भंग मानला.

रिकाम्या टँकरचा युक्तिवाद मला पटत नाही. पेट्रोल उतरवले तरी टाकीत वाफ राहते, आणि हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असले की ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते. उतरवलेली, न धुतलेली टाकी वेल्डिंगच्या एका ठिणगीने फुटते. गॅरेजवाल्यांना हे चांगले माहीत आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. टँकरने मोटारसायकलला ठोकर दिली, थेंबभर पेट्रोल सांडले नाही, तर त्या मृत्यूचा हॅझार्डसच्या प्रशिक्षणाशी संबंध काय? अशा वेळी शेऱ्याचा आधार घेऊन मालकाला, बऱ्याचदा एक-दोन गाड्यांच्या मालकाला, लाखोंच्या वसुलीत ओढणे म्हणजे सुरक्षेच्या नियमाचा हिशेबासाठी वापर झाला.

2019 च्या दुरुस्तीने मालवाहू वाहनांचा परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आणि घातक मालाचा एकऐवजी तीन वर्षांचा. दरवर्षीच्या एक दिवसाच्या उजळणीचे शब्द कायद्यातून गेले. केंद्र सरकार ठरवील त्या अटी, एवढेच तिथे उरले. चालकांची दरवर्षीची पायपीट आणि बुडणारा रोज वाचला, हे चांगलेच झाले. पण आग विझवण्याचे यंत्र हाताळायचा सराव तीन वर्षांतून एकदा पुरतो, असे आगीशी काम केलेला कोणीही म्हणणार नाही. लायसन्सच्या नव्या कार्डावर ‘हॅझार्डस व्हॅलिडिटी’चा (शेऱ्याच्या मुदतीचा) वेगळा रकाना आहे. त्यात तारीख दिसते, सराव दिसत नाही.

6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येईल, असा निकाल दिला. छोट्या टेम्पोवाल्यांचा मोठा प्रश्न सुटला. त्याच निकालात घातक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या विशेष अटी मात्र कायम ठेवल्या आहेत. त्यामुळे भाजीचा टेम्पो आणि गॅस सिलिंडरचा टेम्पो एकाच वजनाचा असला, तरी सिलिंडरवाल्याला शेरा लागतोच. नियम 135 प्रमाणे चालकाला माल आणि त्याचा धोका समजावून, प्रशिक्षण देऊन, माल पाठवणाऱ्याची खात्री पटवण्याची जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे. या नियमावर न्यायालयांत त्या मानाने फार कमी बोलले गेले आहे. तपासणीत विचारले जाते ते चालकाचे कार्ड. मालकाने काय शिकवले आणि माल पाठवणाऱ्याने कशावरून खात्री केली, हेही तिथेच विचारायला हवे.