सुई टोचण्याआधीचं एक मिनिट
(आमच्या डायलिसिस सेंटरच्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी)

बेडवर आडवं झालं की मशीन लगेच सुरू व्हावं असं वाटतंच. तरी आमचे टेक्निशियन आधी तुमचा फिस्तुलाचा हात (डायलिसिससाठी ऑपरेशन करून ज्यात धमनी आणि शीर जोडली आहे तो) हातात घेतात. लाली, सूज आहे का ते बघतात, तीन बोटं ठेवून थरथर तपासतात, स्टेथोस्कोपने घरघर ऐकतात. मोबाईल व्हायब्रेटवर असावा तशी थरथर लागली की बरं वाटतं. थरथर जाऊन नुसते ठोके लागले, किंवा हात वर केल्यावरही शीर टम्मच राहिली, तर पुढे कुठेतरी ती अरुंद झाल्याची शंका आम्ही घेतो आणि डॉक्टरांना कळवतो. कुणी घाईत तसंच टोचायला आलं, तर ‘आधी हात बघा’ असं बिनदिक्कत सांगा.

नव्या फिस्तुलाला घाई चालत नाही. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांनी आम्ही बघतो: शीर ६ मिलिमीटर रुंद झाली का, कातडीखाली ६ मिलिमीटरपेक्षा खोल तर नाही ना, मिनिटाला ६०० मिलिलिटर रक्त वाहतं का. पहिल्या काही वेळा १७ नंबरची बारीक सुई, मग हळूहळू जाड, १६, १५ नंबरची. तोवर डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीत जंतुसंसर्गाचा धोका जास्त, म्हणून फिस्तुला तयार झाला की ती लवकर काढावी असाच आमचा आग्रह असतो.

‘नेहमीच्याच जागी टोचा, तिथे दुखत नाही,’ असं पुष्कळ जण म्हणतात. दुखत नाही हे खरं, पण त्याच त्या जागी टोचून शिरेची भिंत कमजोर होते आणि तिथे फुगा येतो. म्हणून आम्ही शिडीच्या पायऱ्या चढावं तशी जागा बदलतो, फाईलमध्ये लिहून ठेवतो. एकाला दोनदा जमलं नाही, तर तिसऱ्यांदा तो टोचत नाही. सीनियरला बोलावतो.

सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाबायचं, १० ते १५ मिनिटं, मध्येच उचलून न बघता. त्या हाताला बीपीचा पट्टा, सलाईन, रक्ततपासणी नको. घट्ट बांगड्या किंवा घड्याळही नको.

सकाळ-संध्याकाळ स्वतः हात लावून बघा. थरथर लागली नाही, तर पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबू नका, रात्रीसुद्धा फोन करा. थरथर थांबली म्हणजे आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती ताजी असताना फिस्तुला वाचण्याची शक्यता जास्त असते.