जेवणानंतरची दहा मिनिटं

साधारण ७० किलो वजनाच्या निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून, उपाशीपोटी, जेमतेम ४ ग्रॅम ग्लुकोज असतं. एक छोटा चमचा साखर, एवढंच. आता आपलं रात्रीचं ताट बघा: दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, बटाट्याची भाजी. यातून ७०-८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ सहज पोटात जातात आणि पचून त्यांचं बहुतांशी ग्लुकोजच होतं. रक्तात असतं त्याच्या पंधरा-वीस पट ग्लुकोज पुढच्या दोन-तीन तासांत रक्तातूनच वाट काढत जातं, आणि तरीही निरोगी माणसाची साखर दोन तासांनी १४०च्या (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) आत आलेली असते. हे रोज, प्रत्येक जेवणानंतर घडतं, आणि जेवून दहा मिनिटं चाललं तर शरीराला ते सोपं जातं.

हे ग्लुकोज जातं कुठे? काही यकृत साठवतं, काही मेंदू वापरतो, पण स्वादुपिंडातून सुटणाऱ्या इन्सुलिनच्या हुकमावर सगळ्यात मोठा वाटा उचलतात ते स्नायू. स्नायूंच्या पेशींमध्ये ‘ग्लूट-४’ नावाची प्रथिनं असतात. ग्लुकोजला पेशीत शिरायला हेच दरवाजे. एरवी ते पेशीच्या आत पडून असतात; इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. टाइप २ मधुमेहात, आणि त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून, स्नायू या निरोपाला नीट दाद देईनासे होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडत राहतं आणि कालांतराने थकतं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. हेच ग्लूट-४ पृष्ठभागावर आणण्याचा आणखी एक मार्ग शरीरात आहे आणि त्याला इन्सुलिन लागत नाही. स्नायू आकुंचन पावला की पेशीतले वेगळेच संदेश ते काम करतात. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू, आणि त्यांना कामाला लावायला चालणं पुरतं. इन्सुलिनचा मार्ग तुंबलेला असला, तरी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत हा दुसरा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. स्वतःची काळजी घ्या असं आपल्याला सगळेच सांगतात. इथे त्या सल्ल्याला पेशीपर्यंत पोचणारं कारण आहे.

वेळेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. जेवणानंतर साखर साधारण तासाभरात शिखर गाठते. त्या चढाच्या काळात पाय हलत असतील तर शिखरच बुटकं राहतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून २०१६ साली प्रसिद्ध केलं. टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना त्यांनी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी चालायला सांगितलं: काही दिवस रोज कधीही ३० मिनिटं, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण चालणं सारखंच. तरी जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी भरली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. त्याआधी २०१३ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या लोकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासातही रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं विशेष गुणकारी दिसलं होतं. त्यात दहाच माणसं होती, त्यामुळे एवढ्यावर भिस्त ठेवता येणार नाही. पण दोन्ही निष्कर्ष एकाच दिशेला जातात. शिवाय संध्याकाळनंतर शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता सकाळपेक्षा कमी असते. आपल्याकडे सगळ्यात मोठं जेवण रात्रीचं, आणि त्यानंतर आपण सरळ टीव्हीसमोर बसतो.

आपली शतपावली या बाबतीत अगदी योग्य वेळ साधून होती. ती मागे पडली हे मला मनापासून खटकतं, कारण आपल्याला तिची गरज इतर अनेकांपेक्षा जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा सडसडीत म्हणतो त्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, ती अशी. ‘मी कुठे जाड आहे?’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात की भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के होतं. या उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. चेन्नईत अशाच लोकांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालण्यातल्या बदलांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनेही जवळपास तेवढाच.

करायचं काय, ते सोपं आहे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघा, बोलता येईल इतक्या वेगाने १०-१५ मिनिटं चाला. पावसाळ्यात गॅलरी, जिना नको असेल तर मजल्यावरचा पॅसेज, तोही नसेल तर हॉल ते स्वयंपाकघर. भरल्या पोटी धावायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र घराघरांत बघावी लागेल. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई ओटा, भांडी, विरजण, उद्याची भाजी असं उरकेपर्यंत साडेदहा वाजवते. हे कामही हालचालच आहे, बसण्यापेक्षा नक्कीच बरं. पण तिला चपला घालून बाहेर पडता येत नाही, आणि बाकीचे त्याच वेळी सोफ्यावर असतात. आवरायचं काम सगळ्यांनी मिळून केलं तर बसलेल्यांचे स्नायू हलतील आणि तिला तिची दहा मिनिटं मिळतील. रात्रीच्या रस्त्यावर दिवे आहेत का, फूटपाथ आहे का, एकट्या बाईला तिथे चालता येतं का, हे प्रश्नही आरोग्याचेच आहेत आणि ते नगरसेवकाला विचारायला हवेत.

काहींनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं घेणाऱ्यांची साखर चालल्याने जास्तच उतरू शकते; घाम, थरथर, छातीत धडधड जाणवली तर थांबून लगेच तीन चमचे साखर खायची, म्हणून ती खिशात असावी. जेवून चालताना छातीत दडपण येत असेल तर ते पित्त समजून सोडून देऊ नका, हृदयाची तपासणी करा. वृद्धांपैकी काहींचा रक्तदाब जेवणानंतर उतरतो, त्यांनी सोबत घेऊन चालावं. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर घरातही अनवाणी फिरू नये. आणि चालायला लागलो म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

घरी ग्लुकोमीटर असेल तर हे स्वतः पडताळता येतं. एका रात्री नेहमीचं जेवण करून बसून राहा, दुसऱ्या रात्री तेच जेवण करून चाला, आणि दोन्ही वेळा पहिल्या घासापासून मोजून दीड तासाने साखर तपासा. एका जोडीवरून ठरवू नका, तीन-चार वेळा करा. आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवा; औषधाची मात्रा ठरवताना नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टपेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.