आठवड्याचा वाटा म्हणजे बाजारात उरलेली भाजी नव्हे

शहापूर-मुरबाडकडच्या छोट्या शेतकरी कुटुंबांकडून ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये हंगामी भाजीचा आठवड्याचा वाटा येतो, त्यात वाशीच्या बाजार समितीत न खपलेला माल भरतात, असा समज बरीच वर्षे पसरलेला आहे. पुरावा एवढाच दिला जातो, की जुलैत आठवड्यामागून आठवडा शिराळी, पडवळ आणि काकडीच येते, फ्लॉवर दिसत नाही.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वाशीत नाशिक-पुण्यापासून परराज्यांपर्यंतचा माल उतरतो, म्हणून तिथे फ्लॉवर पावसाळ्यातही मिळतो. इकडच्या मुसळधार पावसात मात्र बहुतेक पालेभाजी कुजते आणि मांडवावर चढवलेले वेल तग धरतात, त्यामुळे एकाच शेतातल्या वाट्यात तेच येणार. शिवाय पैसे हंगामाआधी दिलेले असतात आणि त्या आठवड्याची तोडणी वाटेकऱ्यांतच विभागली जाते, म्हणून पीक जोमात आले तर वाटा वाढतो, पावसाने झोडपले तर घटतो. शेतकऱ्याची जोखीम खाणाऱ्यानेही उचलणे हा या व्यवहाराचा गाभा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शंका असल्यास शिराळ्याचा देठ पाहावा: ताज्या तोडीचा काप ओलसर हिरवा असतो, दोन-तीन दिवस फिरून आलेल्याचा सुकून तपकिरी पडतो. थंडीत त्याच शेतातून वालाच्या शेंगा, मुळा आणि मेथी येते.