लॅक्स्टन: एका सामायिक शिवाराची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे चर्च, एक पब आणि रस्त्यालगतची विटांची शेतघरे एवढ्यातच आटोपणारे गाव असले, तरी मध्ययुगीन खुल्या शेतीची, म्हणजे कुंपण नसलेल्या मोठ्या शिवारांत पट्टे पाडून कसण्याची, पद्धत तेथे आजही चालू असल्यामुळे इतिहासकारांच्या दृष्टीने या छोट्या पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचे) मोल मोठे आहे. इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या पाहणीच्या, १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत गावाचा उल्लेख आहे. पुढे शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार येथील गढीत राहत. तिची मातीची टेकडी गावाच्या उत्तरेला अजून दिसते.

गावाची खरी ओळख मात्र नकाशामुळे झाली. लंडनचा धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टन याने हे गाव विकत घेतले होते आणि १६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराने त्याचा नकाशा काढला. (त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला शह देणारा पूर्वेच्या व्यापाराचा परवाना मिळवणारा कोर्टन तो हाच, त्याच्या गटाची जहाजे १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली.) ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेल्या या नकाशावर जमिनीचे दोन हजारांहून अधिक अरुंद पट्टे दाखवले आहेत आणि अधूनमधून नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसेही रेखाटली आहेत.

एकाच शेतकऱ्याचे पट्टे तीन मोठ्या शिवारांत विखुरलेले असत, त्यामुळे चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला येई. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा आणि तिसरे पड, असा फेरा दरवर्षी पुढे सरके. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी देशभरातील अशी शिवारे कुंपणांत वाटून टाकली; लॅक्स्टनमध्ये मात्र दोन जमीनदारांच्या जमिनी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की पूर्ण वाटणी कधी झालीच नाही. ही पद्धत टिकली ती कोणाच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे, तर या अडचणीमुळे, असेच म्हणावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवण्यात आली, पण शिवारे राहिली.

या शिवारांवर देखरेख ‘कोर्ट लीट’ या जुन्या जमीनदारी न्यायसभेची असते. नोव्हेंबरअखेरीस तिची ज्यूरी, म्हणजे पंचमंडळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गव्हाच्या शिवारात जाते, पट्ट्यांच्या हद्दी पाहते आणि लाकडी खुंट्या ठोकते. कोणाचा नांगर सामायिक गवताच्या पट्टीत किंवा रस्त्यात घुसला असेल, आपल्याकडच्या भाषेत कोणी बांध कोरला असेल, तर त्याचे नाव लिहून घेतले जाते आणि आठवड्याभराने गावातल्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये भरणाऱ्या सभेत त्याला दंड होतो. रक्कम किरकोळ असते. शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे हाच मोठा दंड असावा.

१९५२ मध्ये गावाचे जमीनदार अर्ल मॅनव्हर्स (अर्ल हा सरदारी किताब) यांनी ही मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याशी निगडित असलेल्या थोर्सबी इस्टेटकडे परतली.