हाबोबो (आन्लो-एवे लोकांचं वादन-गायन मंडळ)

हाबोबो म्हणजे घानाच्या आग्नेय टोकाला राहणाऱ्या आन्लो-एवे लोकांचं ढोल, गाणं आणि नाच यांचं मंडळ. वोल्टा नदी समुद्राला मिळते त्याच्या पूर्वेला केटाचं मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, त्याच्या काठाने आन्लोगा, आन्याको, आफियाडेनिग्बा अशी गावं आहेत आणि हाबोबो ही मुळात या गावांची गोष्ट. एवे लोक शेजारच्या टोगोतही भरपूर आहेत. पश्चिम आफ्रिकेचा ढोल म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना जेंबे आठवतो, पण तो मांडे लोकांचा, गिनी-माली बाजूचा, इथे त्याचा संबंध नाही.

एवे भाषेत ढोलाला 'वू' म्हणतात आणि ढोल, गाणं, नाच मिळून जे काही होतं त्यालाही 'वू'च म्हणतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं जातं, कारण नुसतं वादन असं वेगळं काही नसतंच. मंडळात गाणाऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त, त्यात बायका खूप, ढोल वाजवणारे मोजकेच. गाणी रचणारा आणि उचलून देणारा तो हेनो, मुख्य ढोलवाला तो आझागुनो, आणि या दोघांशिवाय कारभार बघणारे, शिस्त लावणारे असे पदाधिकारीसुद्धा असतात. नवीन गाणी बसवायच्या तालमीला हाक्पा म्हणतात.

वाद्यं अशी: गान्कोग्वी ही लोखंडाची जोडघंटा, आखात्से म्हणजे भोपळ्यावर मण्यांची जाळी ओवलेला खुळखुळा, मग कागानू, किडी, सोगो हे चढत्या आकाराचे ढोल आणि आत्सिमेवू हा माणसाच्या छातीपर्यंत येणारा उंच ढोल, तो आधाराला तिरपा टेकवून बाजूला उभं राहून वाजवतात. जुने ढोल अखंड लाकूड कोरून करायचे, आता पिंपासारख्या फळ्या जोडून वर लोखंडी पट्ट्या मारतात, चामडं हरणाचं, ते खुंट्यांनी ताणतात.

सगळं घंटेवर उभं असतं. आग्बाड्झा या सगळ्यात लोकप्रिय प्रकारात १२ मात्रांच्या आवर्तनात घंटेचे ७ ठोके पडतात, १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. नाचणाऱ्याची पावलं मात्र १, ४, ७, १० वर, म्हणजे घंटा आणि पाऊल फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेला भेटतात, मांडीवर एका हाताने पावलाच्या मात्रा आणि दुसऱ्या हाताने घंटेचे ठोके वाजवून बघा, हात लगेच भांडायला लागतात. त्यात सगळ्यात छोटा कागानू नेमकी पावलाची मात्रा सोडून पुढच्या दोन मात्रा वाजवतो, आणि ती सोडलेली जागा नाचणाऱ्याचं पाऊल भरतं. मला तरी या संगीतातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, सगळ्यांचं लक्ष मोठ्या ढोलाकडे जातं पण खरा जीव या छोट्या, तेच तेच वाजवत राहणाऱ्यांत आहे, कागानू घसरला तर आझागुनो कितीही मोठा असो, वू कोसळतं.

आझागुनोचं काम बोलायचं. एवे ही स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी भाषा, त्यामुळे ढोलावर हात-काठीने उंच-खालचे आवाज काढून वाक्यं वाजवता येतात, आणि किडी-सोगो त्याला उत्तर देतात. आग्बाड्झात बरेचदा सोगोच मुख्य ढोल असतो, आग्बेकोर या युद्धनृत्यात मात्र आत्सिमेवू. आग्बाड्झाही आत्रिक्पुई नावाच्या युद्धनृत्यातून आलेला, आज तो कुणीही नाचू शकतो पण गाण्यांत लढाईचे शब्द अजून आहेत. गाहू हा प्रकार नायजेरियातल्या बाडाग्री बाजूने आला.

मंडळाचं सगळ्यात मोठं काम अंत्यविधीचं. सभासद गेला की मंडळ जाऊन वाजवतं, गातं, आणि वर्गणीचा पैसाही अशा वेळी कामाला येतो. शोकगीतांत विनोको आक्पालू हे विसाव्या शतकातलं मोठं नाव, स्वतःच्या एकटेपणाची, मूल नसल्याची गाणी त्याने केली.

ढोल किती जुने, याचं उत्तर एवे लोक नोत्सेच्या कथेतून देतात. नोत्से हे गाव आज टोगोत आहे. तिथे राहणाऱ्या एवे लोकांनी आगोकोली राजाच्या जाचाला कंटाळून पळायचं ठरवलं, बायका गावाभोवतीच्या मातीच्या भिंतीवर एकाच जागी सांडपाणी टाकत राहिल्या, भिंत मऊ झाली, त्या रात्री जोरात ढोल वाजवले म्हणजे राजाला वाटावं सण चालू आहे, आणि लोक पाठमोरे चालत बाहेर पडले, पावलांचे ठसे उलटे दिसावेत म्हणून. या सुटकेची आठवण म्हणून १९६२ पासून आन्लोगाला होग्बेत्सोत्सो उत्सव होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी.

त्याच १९६२ साली घानातल्या लेगॉनच्या विद्यापीठात संगीताचे अभ्यासक न्केटिया आणि नृत्य बसवणारे मावेरे ओपोकू यांनी घाना डान्स एन्सेंबल उभं केलं आणि हे प्रकार रंगमंचावर आले. तिथे सगळं आटोपशीर करावं लागतं. गावात गाणाऱ्यांचा गोल ढोलांभोवती असतो, बघायला आलेली म्हातारी बाई मधेच उठून कोपर पंखांसारखे मागे हलवत दोन फेऱ्या नाचून जाते आणि तिला कुणी अडवत नाही.